जिप्सीचा केबल क्लच काढून आत हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग: करावं की नाही?

घाटवाट:
जिप्सीत जड प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) घातली की पेडलपासून क्लचपर्यंत जाणाऱ्या केबलचे हाल होतात. तिचं आवरण दबतं, पेडल पूर्ण दाबूनही क्लच नीट सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना गिअर ओरडतो. त्यात रिलीज शाफ्टचे (बाहेरच्या आर्मने फिरून आतला फोर्क हलवणाऱ्या दांड्याचे) बुश झिजले असतील तर रिलीज बेअरिंग, म्हणजे प्रेशर प्लेटला दाबून क्लच सोडवणारं बेअरिंग, तिरकं टेकतं. माझं मत स्पष्ट आहे: केबल, आर्म, फोर्क सगळं काढावं आणि इनपुट शाफ्टभोवती बसणारं हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग घालावं. जोर सरळ रेषेत पडतो, बेअरिंग ज्यावर सरकतं त्या स्लीव्हवर बाजूचा दाब येत नाही.

उदाहरणादाखल हिशोब. या बेअरिंगचा कड्यासारखा गोल पिस्टन बाहेरून ५० आणि आतून ३८ मिमी असेल तर त्याचं क्षेत्रफळ साधारण ८३० चौरस मिमी. पेडलने ऑइल ढकलणाऱ्या पाऊण इंची मास्टर सिलिंडरचं २८५. मास्टरचा स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) २८ मिमी धरला तर बेअरिंग ९.६ मिमी सरकेल. ‘मोठा बरा’ म्हणून ७/८ इंची मास्टर लावलात तर तेच १३ मिमीवर जातं. डायफ्रामची बोटं (प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, ज्यांवर बेअरिंग दाबतं) गरजेपेक्षा जास्त वाकतात आणि पिस्टन सीलच्या बाहेर निघू शकतो. म्हणून पेडलखाली स्टॉप बोल्ट हवाच.

सतरा_चा_पाना:
साफ विरोध. त्रास केबलचा आहे, मग फोर्कला शिक्षा कशाला? रिलीज शाफ्टचे बुश नवे घाला, बेल हाउसिंगवर (क्लचभोवतीच्या गिअरबॉक्सच्या कवचावर) ब्रॅकेट लावा आणि बाहेरून स्लेव्ह सिलिंडरने, म्हणजे मास्टरच्या ऑइलने हलणाऱ्या सिलिंडरने, आर्म हलवा. केबल आर्मला जेवढं ओढत होती तेवढं मोजून त्यानुसार स्लेव्हचा बोअर (आतला व्यास) निवडायचा. सील गेलं तर गाडीखाली शिरून दोन बोल्ट सोडले की काम झालं. आतलं सील गेलं तर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) यांच्यामधला छोटा शाफ्ट सोडा, गिअर लिव्हर काढा, मग गिअरबॉक्स उतरवा. तोवर ऑइल क्लच प्लेटवर उडून प्लेटही गेलेली असते. शिवाय ही गाडी ओढ्यातून जाणारी. बेल हाउसिंगमध्ये शिरलेला गाळ पिस्टनच्या रबरी आवरणावरच बसणार.

घाटवाट:
गळती बहुतेक वेळा बेअरिंग आणि बोटांमधल्या चुकीच्या अंतरामुळे होते. प्रेशर प्लेट फ्लायव्हीलवर टॉर्कप्रमाणे आवळून इंजिनच्या मागच्या तोंडापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजा. मग पिस्टन पूर्ण आत दाबून बेल हाउसिंगच्या तोंडापासून बेअरिंगपर्यंतची खोली मोजा. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की अंतर मिळतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये पत्रा असेल तर त्याची जाडी मिळवा. अंतर ४ ते ५ मिमी आलं पाहिजे, जास्त आलं तर बेअरिंगमागे शिम (पातळ चकती) घाला. पहिल्या एकदोन दाबांत हे अंतर भरून निघतं, नंतर बेअरिंग बोटांना हलकं टेकूनच राहतं.

सतरा_चा_पाना:
ते ४ मिमी कशासाठी ठेवायचे हेही लिहा ना. क्लच प्लेट झिजली की बोटं गिअरबॉक्सकडे सरकतात, तीही झिजेच्या तीन ते चारपट. म्हणजे प्लेटचं अस्तर सव्वा मिमी झिजलं की तुमची जागा संपली. पिस्टन तळाला टेकतो आणि चढावर क्लच घसरतो. केबलला निदान बाहेरून नट फिरवता येतो.

घाटवाट:
मान्य. म्हणूनच मी ५ मिमीच्या जवळ राहतो. पण मग ५ आणि ९.६ मिळून पिस्टनचा एकूण प्रवास १५ मिमीच्या वर हवा. विकत घेतानाच हे बघायचं.

पाऊण_इंची:
दोघेही पेडल विसरलात, आणि दोन्ही पद्धतींत खरी मेहनत तिथेच आहे. केबलला ओढ लागते, मास्टरला ढकल. म्हणून पुशरॉडची (मास्टरला ढकलणाऱ्या दांडीची) पिन पेडलच्या पिव्हटच्या, म्हणजे पेडल ज्यावर फिरतं त्या खिळीच्या, खाली यायला हवी. पिव्हटपासून पाय ठेवायची जागा २५० मिमीवर असेल तर पिन ४२ मिमीवर, म्हणजे जवळपास ६:१. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) पत्र्याला मागून ३ मिमीची पट्टी द्या. नाहीतर पत्राच फुगतो, स्ट्रोक तिथे वाया जातो आणि लोक दोष बेअरिंगला देतात. ड्रम ब्रेकचा जुना मास्टर वापरायचा असेल तर त्यात दाब धरून ठेवणारा वॉल्व्ह नाही ना, ते तपासा. असेल तर बेअरिंग सतत बोटांवर रेटलेलं राहतं आणि क्लच घसरतो. ऑइल म्हणजे डॉट ३ किंवा ४ ब्रेक ऑइलच. खनिज तेलाने ही रबरी सीलं फुगतात.

सतरा_चा_पाना:
पेडलचं पटलं. माझ्या मते आतलं बेअरिंग एकाच ठिकाणी योग्य आहे: दुसरं इंजिन किंवा गिअरबॉक्स बसवला आणि चॅसिस किंवा सायलेन्सरमुळे बाहेर आर्मला जागाच उरली नाही तर. मूळ जिप्सीला बाहेरचा स्लेव्हच.

घाटवाट:
मूळ इंजिनवर जड प्रेशर प्लेट असेल तरी मी आतलंच घालीन. घालणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळा. बेअरिंगची बॉडी फिरू नये म्हणून दिलेली पिन किंवा बोल्ट विसरू नका, नाहीतर ती फिरून पाईप तोडते. आणि गिअरबॉक्स उतरलेला असताना पेडल अजिबात दाबू नका, पिस्टन उडून बाहेर येतो. ऑइलमधली हवा सगळं जोडल्यावरच काढायची. ब्लीडचा (हवा काढायचा) पाईप बेल हाउसिंगच्या बाहेर, हात पोचेल असा आणा आणि आधी ऑइल आपोआप उतरू द्या.