मदत हवी आहे : सीओपीडी, घरचा ऑक्सिजन आणि रात्रीचं सॅच्युरेशन

वडील ७१ वर्षांचे, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार). पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन), नाकातली नळी. डॉक्टरांनी सांगितलेला प्रवाह मिनिटाला १ लिटर. जागेपणी सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९०-९१ असतं, झोपेत ८४-८५ पर्यंत उतरतं. २ लिटर केल्यावर रात्रभर ९५-९६ राहतं, पण सकाळी डोकं दुखतं आणि दहा वाजेपर्यंत गुंगी. दीड लिटरवर ठेवू का? लाईट गेल्यास काय करायचं?

प्रतिसाद १

९६ बघून बरं वाटत असेल, पण खरी अडचण तीच आहे. सीओपीडीत कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असेल तर साधारण ८८ ते ९२ राखायला सांगतात. त्याहून जास्त ऑक्सिजन दिला की फुफ्फुसात जिथे हवा नीट पोचत नाही त्या भागांकडेही रक्त वळतं, श्वासाचा जोरही थोडा कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळची डोकेदुखी आणि गुंगी ही त्याचीच खूण असू शकते. झोपेत श्वास मुळातच उथळ होतो, म्हणून हे रात्री जास्त घडतं.

आज रात्री सांगितलेल्या १ लिटरवरच या आणि सकाळीच डॉक्टरांना फोन करा. दीड लिटर कदाचित बरोबरही निघेल, पण ते अंदाजाने ठरवू नका. रात्रभर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर लावा आणि सकाळी, रात्रीचाच प्रवाह चालू असताना, एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) करा. निव्वळ बोटावरच्या आकड्यात कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. घोरणं असेल, आलेख करवतीच्या दातांसारखा वरखाली होत असेल, तर तेही सांगा. मग बायपॅपचा (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा) विचार होतो. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध चालू असेल तर आवर्जून सांगा.

उठवूनही नीट जाग येत नसेल, असंबद्ध बोलत असतील, हात फडफडत असतील, तर थेट इस्पितळ. ऑक्सिजन मात्र एकदम काढून टाकू नका, सॅच्युरेशन आधीपेक्षाही खाली जाऊ शकतं.

प्रतिसाद २

वरचं सगळं मान्य, पण ८४ हा आकडा तरी खरा आहे का? बोट गार असलं किंवा नखाला रंग असला तर चुकतो. हात पांघरुणात गरम करून मिनिटभर थांबून वाचा.

मग नळीकडे वळा. नाकाजवळ नळी चिमटीत घट्ट दाबा. मशीनवरची प्रवाह दाखवणारी गोळी शून्याकडे घसरली पाहिजे. घसरली नाही तर मध्ये कुठेतरी गळती आहे, आणि नव्वद टक्के वेळा ती ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणात असते, आटे तिरके बसलेले असतात. (नव्वद टक्के हा माझा अंदाज, मोजलेलं नाही!) प्रवाह वाचताना गोळीचा मध्य रेघेवर हवा, डोळे त्याच पातळीत. एसीच्या खोलीत बाटलीतली वाफ नळीत थेंब होऊन साचते आणि प्रवाह अडतो. नळी काढून झटका. १-२ लिटरला बाटली बहुधा लागतही नाही, डॉक्टरांना विचारून काढता येते. ठेवायची असेल तर डिस्टिल्ड पाणी, रोज बदलून. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीन नको, पाण्याचं जेल. आणि त्या खोलीत उदबत्ती, निरांजन, विडी काहीही नको.

मूळ प्रश्नकर्ता

चिमटीत धरली, गोळी हलली नाही. झाकण पुन्हा बसवल्यावर घसरली! विजेचं सांगाल?

प्रतिसाद २

म्हणजे १ लिटर लावूनही नाकापर्यंत त्याहून कमीच पोचत होता. हे डॉक्टरांना सांगा, नाहीतर गळतीच्या हिशोबाने प्रवाह वाढवला जाईल. उद्यापासूनची नोंद नव्याने धरा.

पाच लिटरचं मशीन सुमारे ३५० वॉट खातं. इन्व्हर्टरची १५० एएचची एक चांगली बॅटरी जेमतेम तीन-चार तास ओढते, जुनी असेल तर त्याहून कमी. म्हणून ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर भरून ठेवा: सुमारे १,५०० लिटर, १ लिटरला २५ तास, २ ला साडेबारा. रेग्युलेटर आणि चावी सिलिंडरलाच बांधून ठेवा, अंधारात शोधायला लागू नये. आठवड्यातून एकदा दाब बघा.