मालेगावचा सुपरमॅन: तुम्ही कुठे पाहिलात, कोणाबरोबर, आणि काय वाटलं?

काल रात्री 'सुपरमेन ऑफ मालेगाव' परत लावली, चौथी वेळ असेल, आणि परत तेच झालं, आधी पोट धरून हसले आणि संपताना डोळे पुसत बसले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही फैझा अहमद खान यांची २००८ ची तासाभराची डॉक्युमेंट्री. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख, ज्यांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढून अख्ख्या गावाला वेड लावलं होतं, ते मित्रांना जमवून चक्क सुपरमॅन बनवायला घेतात. विनोदी सिनेमा, हिरोईन आहे, गाणं आहे, उडणं आहे, सगळं आहे. आणि सुपरमॅन कोण तर यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख, इतका बारीक की अंगावरचा तो निळा ड्रेस त्याला लोंबतो, चड्डीची नाडी बाहेर लटकतेय, आणि चेहऱ्यावर मात्र असा भाव की आता गाव वाचवूनच घरी जाणार. २०२५ च्या फेब्रुवारीत ह्याच मंडळींवर रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला तेव्हा खूप जणांना ही गोष्ट पहिल्यांदा कळली.

मला तुमचे अनुभव हवेत. डॉक्युमेंट्री, नवा सिनेमा, किंवा कोणाच्या नशिबात असेल तर मूळ मालेगावचे सिनेमे, काय बघितलं, कुठे, शेजारी कोण होतं, काय वाटलं. आवडलं नसेल तरी लिहा, पण मनापासून लिहा.

मनमाडहून

माझा मामा मालेगावात राहायचा, कॅम्प म्हणतात त्या भागात, त्यामुळे दिवाळी आणि मे महिना तिकडेच. 'मालेगाव के शोले' मी पार्लरमध्ये बघितलाय!! तेव्हा सहावीत असेन. अंधारी खोली, खाली सतरंजी, मागे दोन बाकडी, समोर टीव्ही, आणि आत इतकी माणसं की मामेभाऊ माझ्या मांडीवर. मला आठवतं ते सिनेमातलं कमी आणि लोकांचं जास्त. पडद्यावर कोणी आलं की मागून ओरडा, अरे हा तर आपल्या चौकातला, अरे ह्याच्या भावाचं दुकान आहे बघ. एक माणूस उठून टीव्हीजवळ गेला आणि बोट लावून दाखवायला लागला की हा माझा मेव्हणा. तोपर्यंत माझ्या डोक्यात असं होतं की सिनेमातली माणसं वेगळ्याच मातीची असतात, मुंबईत कुठेतरी बनतात. त्या दिवशी घरी येताना मामाला विचारलं की मामा आपण पण येऊ शकतो का सिनेमात, तर मामा म्हणाला का नाही, नासिरभाईला सांगू. सांगितलं काही नाही कोणी, पण तो प्रश्न विचारता आला हेच मला आजही मोठं वाटतं.

इचलकरंजीहून

आमचं गाव पण मागाचंच, त्यामुळे माझं बघणं जरा वेगळं झालं असंल. वडील बत्तीस वर्षं मागावर. बारा बारा तासाची पाळी, कानावर आवाज बसून बसून आता घरात टीव्ही मोठ्यानं लावावा लागतोय त्यांना. डॉक्युमेंट्री मी मोबाईलवर बघत होतो आणि लूमचा आवाज सुरू झाला तसे ते आतल्या खोलीतनं उठून आले. कुठला कारखाना रे हा? मी म्हटलं मालेगाव. मग शेजारी बसले आणि पूर्ण बघितलं. सुपरमॅन उडतोय, पाण्यात पडतोय, त्याचं त्यांना काय नव्हतं, त्यांचं लक्ष त्या पोराच्या हाताकडं. म्हणाले, पोरगं खरंच मागावरचं हाय, हात बघ. एवढंच बोलले. नंतर रात्री जेवताना आपणहून सांगायला लागले की आमच्या कारखान्यात एक जण होता, धोटा, म्हणजे मागातनं सूत इकडून तिकडं नेतो तो, बदलताना गाणी म्हणायचा, आवाज लै गोड पण मागाच्या आवाजात कुणाला ऐकूच यायचं नाही, फक्त ओठ हललेले दिसायचे. मला ही गोष्ट पस्तीस वर्षांत कधी सांगितली नव्हती. मला त्या सिनेमाचं म्हणाल तर हे देणं.

डोंबिवलीहून

मी जरा वेगळं लिहिणारे, राग मानू नका. डॉक्युमेंट्री २०१२ च्या जूनमध्ये थेटरला लागली तेव्हा मुंबईत जाऊन बघितली होती, ऑफिसातल्या चार जणांबरोबर. थेटर हसत होतं आणि मला मध्येच कसंतरी व्हायला लागलं की आपण हसतोय कशाला? एसीत बसून, हातात पॉपकॉर्न घेऊन, त्या माणसाच्या नाडीला हसतोय का? माझ्या शेजारची बाई मोबाईलवर फोटो काढून कोणालातरी पाठवत होती. मी घरी येईपर्यंत गप्प होते. बरेच दिवस माझं मत असंच होतं की ही फिल्म शहरातल्या लोकांना हसायला दिलेली आहे.

मग लॉकडाऊनमध्ये एकटीने परत बघितली आणि लक्षात आलं की ते लोक स्वतःच आधी हसतायत. नासिरभाईंना पक्कं माहितीये की नाडी दिसतेय, ती त्यांनीच ठेवलीय! जोक त्यांचा आहे, टायमिंग त्यांचं आहे, आपण फक्त उशिरा पोचलेले प्रेक्षक. त्या पहिल्या दिवशी माझं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण शेजारची बाई खरंच हसत होती ती त्यांच्यावरच. पण फिल्मवर मी तो राग काढला हे बरोबर नव्हतं.

धुळ्याहून

भो, मी लग्नाच्या शूटिंगवाला. अठरा वर्षं झाली धंद्याला. तुम्ही सगळे मनाचं लिहिताय, मी कामाचं लिहितो कारण मला ह्या माणसांची खरी कमाल तिथे दिसते.

आमच्या वस्तादानी सुरुवातीला दोन व्हीसीआरवर एडिटिंग केलेलं, नासिरभाईंनी पण त्यांचे सुरवातीचे सिनेमे असेच जोडलेले. आता पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. एका मशीनमध्ये शूट केलेली कॅसेट, दुसऱ्यात कोरी. इकडे प्ले, तिकडे रेकॉर्ड, नेमक्या जागी पॉज. बोट अर्धा सेकंद चुकलं की हिरोचा डोळा अर्धा मिटलेलाच जोडला जाणार. आणि पंधराव्या मिनिटाला चूक सापडली तर मधे काही घुसवता येत नाही, तिथून पुढचं सगळं परत जोडायचं. आणि प्रत्येक कॉपीला चित्र थोडं मरतं, रंग विटतो. असा दोन-अडीच तासाचा सिनेमा जोडायचा म्हणजे काय असेल विचार करा.

सुपरमॅनपर्यंत त्यांच्याकडे कॉम्प्युटर आला, क्रोमा आला, म्हणजे हिरव्या कपड्यापुढे शूट करून मागचं चित्र नंतर बदलायचं. हिरवा कपडा ताणलाय, समोर शफीक आडवा, खाली धरायला माणसं, एक जण त्याची केप हलवतोय म्हणजे वारा दिसला पाहिजे. ट्रॉली नाही तर सायकलवर कॅमेरावाला बसवला आणि ढकलली. क्रेन नाही तर बैलगाडी. बैलगाडीचं जू वर उचललं की मागची बाजू खाली जाते, जू दाबलं की मागची वर, आता मागे कॅमेरा घेऊन माणूस बसवा, झाली क्रेन. मी हे बघून दुसऱ्याच महिन्यात शिरपूरकडच्या एका लग्नात करून बघितलं, नवरदेवाची एन्ट्री बैलगाडीवरून वर घेतली, शॉट असा आला की पार्टीने पाचशे रुपये वरून दिले.

आणि तो सीन, कॅमेरा पाण्यात पडतो तो. मी थिजलो होतो. माझा स्वतःचा कॅमेरा एकदा वरातीत पडलेला आहे, हप्ते चालू असताना. त्या वेळी पोटात काय होतं ते ज्याचा पडलाय त्यालाच माहीत. त्यांचा एकच कॅमेरा. पण कोणी कोणावर ओरडत नाही हो. पाणी काढतात, वाळवतात, दुरुस्तीला नेतात, परत येतात, परत शूटिंग.

टोरांटोहून

मी 'सुपरबॉइज' टोरांटो फेस्टिव्हलला पाहिला, सप्टेंबर २०२४, पहिलाच शो. नवऱ्याला ओढत नेलं होतं, तो मूळचा सटाण्याचा, म्हणजे मालेगावच्या शेजारचाच, पण त्याला वाटत होतं की ह्यात काय असणार. आमच्या आजूबाजूला सगळे इथले गोरे लोक, एक म्हातारं जोडपं होतं. पडद्यावर मालेगावच्या गल्ल्या आल्या आणि तो एकदम सरसावून बसला. शशांक अरोराने शफीक केलाय ना, तो फार बोलत नाही सिनेमात, नुसता मित्रांच्या मागे उभा असतो, आणि शेवटी तोच उडतो. तिथे मी शेजारी बघितलं तर नवरा रडतोय आणि पलीकडची ती म्हातारी बाईसुद्धा. बाहेर आल्यावर तिने विचारलं हे गाव खरंच आहे का, तर हा तिला अर्धा तास मोसम नदीपासून सगळं सांगत होता, कांद्याच्या लिलावापर्यंत गेला. चौदा वर्षांत त्याला इथे कोणी त्याच्या भागाबद्दल विचारलं नव्हतं. सिनेमातलं 'बंदे' गाणं आमच्या गाडीत अजून लागतं.

नाशिकहून

नवा सिनेमा मला तितका नाही भिडला, सगळं फार नीटनेटकं, प्रत्येक माणसाला एकेक मोठा डायलॉग. आणि क्रम बदललाय हे मला खुपलं. सिनेमात शफीकचं आजारपण आधी येतं आणि त्याच्यासाठी म्हणून मित्र सुपरमॅन करतात. डॉक्युमेंट्रीत तसं काहीच नाही, तिथे तो मजेत आहे, मध्येच त्याचं लग्न होतं, आजाराचा मागमूस नाही. कोणी मरणार म्हणून नाही तर करायचाय म्हणून सुपरमॅन केला, हे मला जास्त मोठं वाटतं. दुःखाचं कारण कशाला लागतं हो? विनीत कुमार सिंगने केलेला लेखक मात्र जबरदस्त, खऱ्या लेखकाच्या, फरोग जाफरींच्या डोळ्यातली ती मुंबईची ओढ डॉक्युमेंट्रीत बघितली असेल तर हे काम किती बारीक आहे ते कळेल. मंजिरी पुपालाही छान. मालेगावातल्या बायका सिनेमात काम करत नसत, हिरोईन बाहेरून आणावी लागायची, ती परक्या गावात एकटी आलेली बाई तिने अगदी खरी उभी केलीय.

मालेगावहून

मी इथलाच. शिक्षण मराठी शाळेत, मग इंजिनिअरिंगला पुण्यात. तिथे गाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा. २००६ चे स्फोट, २००८ चा स्फोट, लोकांना आमचं एवढंच माहीत. रूम शोधताना एका घरमालकाने गावाचं नाव ऐकलं आणि किल्ली परत खिशात टाकली, तो आवाज मला अजून ऐकू येतो. होस्टेलला शेवटी जागा मिळाली, तिघं रूममेट, एक साताऱ्याचा, एक लातूरचा, एक वर्ध्याचा. पहिला महिना जपूनच बोलायचे. एका रविवारी मी लॅपटॉपवर ही फिल्म लावली, काही न सांगता. साताऱ्याचा इतका हसला की पलंगावरून खाली. संपल्यावर म्हणाला, भावा, तुझ्या गावाला न्ये की एकदा. ईदला तिघं आले, अम्मीने त्यांना उठूच दिलं नाही ताटावरून.

शफीकभाईंबद्दल मला लिहायचंच आहे. सुपरमॅनमधला व्हिलन घाणीवर प्रेम करणारा आहे, त्याला गाव खाऊन-थुंकून घाण झालेलं हवं असतं आणि सुपरमॅन त्याच्याशी लढतो. आणि २०११ मध्ये शफीकभाई गेले ते कॅन्सरने. इथल्या लूमवर बारा तास झोप मारायला तंबाखूची पुडी तोंडात ठेवतात, आमच्या घरातले दोघं तसेच. माझ्या चाचांना मी फिल्म दाखवली, मग सांगितलं की हा मुलगा राहिला नाही. ते बराच वेळ बोलले नाहीत. पुडी काही सुटलेली नाही, पण आता माझ्यासमोर काढत नाहीत, मी आत आलो की मूठ बंद करतात. मी अजून रोज बोलतो त्यांच्याशी.

वर धुळ्याच्या भाऊंनी लिहिलं ते वाचून बरं वाटलं. आता इथली मुलं मोबाईलवर व्हिडिओ करतात, यूट्यूबवरचा छोटू दादा तर जगभर बघितला जातो, पण आमच्या वयाच्या माणसांना विचारा, सुरुवात त्या पार्लरमधून झाली.

पुण्याहून

फक्त एक सांगायचंय. मुलगा सात वर्षांचा, त्याला ढिगाने सुपरहिरोंचे टीशर्ट. शफीकचा सुपरमॅन बघून त्याने विचारलं, ह्याला मसल्स नाहीत मग हा वाचवतो कसा? मी काही बोलायच्या आत माझी आई म्हणाली, तुझ्या आजोबांना तरी कुठे होते. आजोबा तीन वर्षांपूर्वी गेले. तो आत जाऊन आजोबांचा मफलर मानेला बांधून आला आणि अख्खी संध्याकाळ सोफ्यावरून उड्या मारल्या.

धागा काढणारीकडून

सगळं वाचलं, काही दोनदा. इचलकरंजीच्या दादा, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा, तो गाणी म्हणणारा माणूस माझ्या डोक्यातून जाणार नाही. मी, मनमाडची ताई आणि अजून दोघी जूनमध्ये मालेगावला जायचं ठरवतोय, शनिवार-रविवार किंवा गुरुवार-शुक्रवार. भाऊ, कधी येऊ?

मालेगावहून

ताई, कधीही या, घरीच उतरायचं, लॉज बघायचा नाही. मनमाडला गाडी पाठवतो. फक्त शुक्रवार टाळा, त्या दिवशी लूम बंद असतात. आवाज ऐकायला पाहिजे तुम्ही.