आठवड्याची गोळी चहाबरोबर नको

आईंना हाडांच्या ठिसूळपणावरची, आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिग्रॅची गोळी चहाबरोबर देता आणि छातीत जळजळतं, असं तुम्ही लिहिलंय. जळजळ आहे तोवर पुढची गोळी देऊ नका, डॉक्टरांना आधी सांगा. त्यांनी चालू ठेवायला सांगितली तर सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर द्या. चहा-दुधाबरोबर ती फारशी अंगी लागत नाही. नंतर निदान अर्धा तास खाणं नाही, आडवं होणं तर नाहीच. गोळी अन्ननलिकेत रेंगाळली की तिथं जखम होते. कॅल्शियम जेवणानंतर.

आणखी कुणी याच दुखण्यावरच्या, दर सहा महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनचं विचारलंय. ते डेनोसुमॅब, ६० मिग्रॅ. चांगलं आहे, पण तारीख चुकवून चालत नाही. परस्पर बंद केलं तर मणके मोडायचा धोका उलट वाढतो. दात काढायचा असेल तर सुरू करण्याआधीच उरका.

कोल्हापुरातल्या गंगावेशीतलं दूध तापवून खुशाल द्या, पण औषधाऐवजी नव्हे. आणि पडून हाड मोडू नये म्हणून घरात गुळगुळीत तळाचं पायताण बंद करा. (कोल्हापुरात हे सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं!) न्हाणीच्या ओल्या फरशीवर ते हमखास सटकतं. रबरी तळाची चप्पल आणा, भिंतीला धरायला दांडी बसवून घ्या.