रिजेक्शनचं खापर ठेकेदाराकडच्या पोरावर फोडायचं का?

अजिंक्यताऱ्याचा शेजारी (धागाकर्ता)
सातारा एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. मध्यंतरी बोअर अंडरसाइज, म्हणजे भागातलं भोक मापापेक्षा लहान, म्हणून ग्राहकाकडून एक लॉट परत आला. कारण सगळ्यांना माहीत होतं. इन्सर्ट (मशीनवर धातू कापणारी बदलती पाती) झिजलेले, स्टोअरला नवे शिल्लक नाहीत आणि महिनाअखेरचा डिस्पॅच ओढायचा म्हणून 'मशीन थांबवू नका' असा वरून आदेश. ग्राहकाला दोषाचं मूळ कारण आणि उपाय कळवणारा एट-डी (8D) रिपोर्ट लिहायची वेळ आली तेव्हा मात्र मूळ कारण 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' लिहा, असा निरोप आला. तो ऑपरेटर ठेकेदाराकडचा. असं कागदावर आलं की दुसऱ्या दिवशी गेटवरच सांगतात, उद्यापासून येऊ नको.

मी इन्सर्टचं कारण लिहिलं. तेव्हापासून मीटिंगचं बोलावणं बंद आहे, अप्रेझलला 'टीममध्ये मिसळत नाही' असा शेरा आलाय.

ऑफिसात कोण कुणाच्या गटात, कोण साहेबांसोबत चहाला जातो, याचं मला देणंघेणं नाही. चारचौघांत साहेबांना सुनवावं असंही मी म्हणत नाही. पण सहीच्या कागदावर खोटं लिहायचं नाही. कारण ते खोटं नेहमी खालच्याच माणसाच्या अंगावर पडतं, ज्याला त्या मीटिंगमध्ये खुर्चीही नसते. तुमचं काय मत?

कुपवाडकर
भावा, मन मोठं आहे तुझं, पण मला हे पटत नाही. पुण्यात एक दार बंद झालं तर दहा उघडी असतात. आमच्या कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत सगळे एकमेकांना ओळखतात. तू मुलाखतीला पोचायच्या आधी तुझ्याबद्दलचा फोन पोचलेला असतो. घराचा हप्ता, पोरांची फी, आईचं मिरजेतलं औषधपाणी हे सगळं त्या एका पगारावर. रिपोर्टमध्ये 'ऑपरेटरला प्रशिक्षणाची गरज' लिहायचं. साहेबांचा मान राहतो, पोरगंही वाचतं. यात कुणाचं वाईट झालं?

अजिंक्यताऱ्याचा शेजारी
दादा, प्रशिक्षणाच्या कागदावर त्याचा अंगठा घेतला म्हणून इन्सर्ट नवा होतो का? पुढच्या महिन्यात तोच बोअर परत येणार, आणि तेव्हा 'प्रशिक्षण देऊनही सुधारला नाही' म्हणून त्यालाच काढणार. पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आपण भिंतीवर लावतो आणि पहिल्याच 'का'ला माणसावर बोट ठेवून थांबतो. हे नुसतं नीतीचं नाही, कामाचंही नुकसान आहे.

क्षेत्र माहुली
आमच्या माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांनी नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवलं आणि पद सोडलं. 1773 सालची गोष्ट. त्या मातीतल्या माणसानं एका अप्रेझलला घाबरायचं?

कृष्णाकाठची
दादा, रामशास्त्रींबद्दल आदर आहेच. पण पुढे राघोबांची सत्ता गेली आणि बारभाईंच्या बाजूनं रामशास्त्री पुन्हा न्यायाधीश झाले, हेही सांगा की. त्यांची किंमत ओळखणारे दरबारात होते. इथे इंजिनिअर एकटा आहे.

मी एचआरमध्ये काम केलंय. 2013 च्या कंपनी कायद्यातलं कलम 177 तक्रारदाराला संरक्षण देणारी यंत्रणा उभारायला सांगतं, पण ते लिस्टेड कंपन्यांना, लोकांच्या ठेवी घेणाऱ्यांना आणि 50 कोटींपेक्षा जास्त कर्ज असलेल्यांना. छोट्या व्हेंडरला ते बंधन नाही. म्हणून मी मुलामुलींना सांगते, आधी दुसरी नोकरी हातात घ्या, मग खरं लिहा. याला कुणी भित्रेपणा म्हटलं तरी चालेल.

निवृत्त प्लांटवाला, कऱ्हाड
सगळ्याला राजकारण म्हणू नका. परचेसवाल्याचं पेमेंट अडकलेलं असतं म्हणून इन्सर्ट येत नाही, तो मुद्दाम अडवत नसतो. क्वालिटीची पोरं त्याच्या टेबलाशी कधी जातच नाहीत, थेट रिपोर्टात नाव घालतात. मग समोरचा गट करतो. आधी जाऊन बोला. निम्म्या गोष्टी तिथेच सुटतात.

अजिंक्यताऱ्याचा शेजारी
काका, हे पटलं. परचेसकडे मी आता दर आठवड्याला जाईन, शिल्लक इन्सर्टचा आकडा घेऊनच. ताई, दुसरी नोकरी मिळेपर्यंत थांबायचं म्हणता, पण तेवढ्या दिवसांत त्या पोराचं काम जातं. त्याच्याकडे कुठली दुसरी नोकरी तयार आहे?

कुपवाडकर
एक विचारतो. ग्राहकाला पाठवायच्या आधी रिपोर्ट साहेबांना दाखवला होतास का?

अजिंक्यताऱ्याचा शेजारी
दाखवला. सही करणार नाही म्हणाले. मुदत संध्याकाळपर्यंतची होती, मी माझ्या सहीनं पाठवला.

कुपवाडकर
मग ते मला अजिबात मान्य नाही. त्यांच्या वरच्या साहेबांकडे जायचं होतंस, ग्राहकाकडून एक दिवस मागून घ्यायचा होतास. त्या पोराला वाचवलंस त्याचा आनंद आहे, पण घरचं बाहेर जाताना वरिष्ठाला डावललंस, आणि तुझ्यावर जे चाललंय ते यामुळेच चाललंय असं माझं स्पष्ट मत आहे.