नक्की कोणता एल्फिन्स्टन?

परळ_नाका (धागाकर्ता)

परवा भाच्याला ॲडमिशनच्या चौकशीसाठी काळा घोड्याला घेऊन गेलो होतो. एल्फिन्स्टन कॉलेजची पाटी वाचून तो म्हणाला, "मामा, हे नाव अजून कसं काय? स्टेशनाचं तर बदललं ना?"

मी म्हटलं, अरे, तो वेगळा. आणि मग फूटपाथवर उभं राहून त्याला जे सांगितलं ते इथेही लिहितो, कारण घरी आल्यावर विचारलं तर चारचौघांत एकालाही हे माहीत नव्हतं.

कॉलेजचा एल्फिन्स्टन म्हणजे माउंटस्टुअर्ट. असईच्या लढाईत वेलस्लीबरोबर होता, मग नागपूरला रेसिडेंट (दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी), १८११ पासून पुण्याला रेसिडेंट, आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. तो जायला निघाला तेव्हा मुंबईकरांनी वर्गणी काढली, दोन लाखांच्या वर रुपये जमले आणि त्यातून त्याच्या नावाने अध्यापक नेमायचं ठरलं. पुढे त्याचंच कॉलेज झालं. बाळशास्त्री जांभेकर, दादाभाई, रानडे, भांडारकर, आंबेडकर ही मंडळी त्या नावाखालून गेली.

एल्फिन्स्टन रोड स्टेशनाचा एल्फिन्स्टन म्हणजे जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन. आधी मद्रासचा आणि मग १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर. म्हणजे १८५७ मध्ये इथे खुर्चीवर हाच. (तरुणपणी याचं आणि व्हिक्टोरिया राणीचं काहीतरी जुळतंय अशी लंडनमध्ये वावडी उठली होती, म्हणून त्याला मद्रासला धाडलं असं तेव्हाचे लोक म्हणत. खरंखोटं राणी जाणे.)

नातं? माउंटस्टुअर्ट हा जॉनचा सख्खा चुलता. महाराष्ट्राला काका-पुतण्यांचं नवल नाही, पण हे दोघे एकाच गादीवर पंचवीस वर्षांच्या अंतराने बसले, त्यामुळे आपल्या डोक्यात दोघांचा एक साहेब झाला.

माझं म्हणणं एवढंच. जुलै २०१८ मध्ये पाटी बदलून प्रभादेवी झाली, त्याला माझी हरकत नाही. पण तेव्हाच्या वादात बदलाच्या बाजूचे "इंग्रजाचं नाव नको" म्हणत होते आणि विरोधातले "ज्याने मुंबईला कॉलेज दिलं त्याचं नाव पुसता?" म्हणत होते. दोन्हीकडे माणूसच चुकलेला! नाव ठेवा नाहीतर काढा, कोणाचं ते आधी बघायला नको का?

दादर_पूर्व

धागा माहितीपूर्ण, पण मुद्दा पटला नाही.

चुलता काय, पुतण्या काय, कंपनी तीच. प्रभादेवी हे नाव देवीचं, देऊळ तिथेच आहे, वस्तीला पिढ्यान्‌पिढ्या तेच म्हणतात. स्टेशनाला आजूबाजूच्या वस्तीचं नाव असावं हा साधा हिशोब आहे. त्यासाठी आधी साहेबाची वंशावळ पाठ करायची? उद्या घरातला जुना कॅलेंडर काढतानाही तो कोणत्या दुकानाने छापला ते विचाराल.

आणि ज्यांना वेगळेपण माहीत नव्हतं त्यांचं काही बिघडलं का? लोकल वेळेवर आली की झालं. (तीही येत नाही, ते सोडा.)

बाणकोट

बरोबर आहे. आणि मला तर कॉलेजचंच नाव खटकतं. काबूलला ज्याने अख्खी फौज कापून घेतली त्याचं नाव शिक्षणसंस्थेला? नामांतर करायचंच तर तिथून सुरुवात करा.

खैबर_खिंड

@बाणकोट, तुम्ही नकळत धागाकर्त्यांचा मुद्दाच सिद्ध केलात. तो तिसरा!

काबूलचा तो मेजर जनरल विल्यम जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्टचा सख्खा चुलतभाऊ. संधिवाताने आजारी, निर्णय घेता येत नव्हता, आणि जानेवारी १८४२ मध्ये भर बर्फात काबूलहून माघार घेतली. सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे, त्यातले बहुतेक हिंदुस्थानी. जलालाबादपर्यंत धडपणे पोचलेल्यांत डॉक्टर ब्रायडन हेच नाव सगळ्यांना आठवतं. गोरा होता ना. खिंडीत गोठून मेलेल्या शिपायांची आणि बायकापोरांची नावं कोणाला आठवतात? जनरल स्वतः अफगाणांच्या कैदेत एप्रिलमध्ये गेला.

आता यातली खरी गंमत ऐका. हिंदुस्थानातून अफगाणांच्या राजाकडे पहिली इंग्रजी वकिलात घेऊन गेला तो माउंटस्टुअर्ट. १८०९ मध्ये पेशावरला शाह शुजाला भेटला, काबूलला पोचलाच नाही, पण परत येऊन त्या मुलखावर जाडजूड ग्रंथ लिहिला. तीस वर्षांनी इंग्रजांनी त्याच शुजाला फौजेच्या जोरावर पुन्हा गादीवर बसवायचं ठरवलं, तेव्हा निवृत्त माउंटस्टुअर्टने पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की काबूल घ्याल हो, पण त्या गरीब, थंड, दूरच्या मुलखात त्याला टिकवून धरणं मला अशक्य दिसतं. ते ऐकलं गेलं नाही, आणि निस्तरायला पाठवला त्याचाच चुलतभाऊ. एकाच आडनावात इशाराही आणि फजितीही.

बाणकोट

चूक कबूल. शाळेत "एल्फिन्स्टनचा पराभव" एवढंच वाचलं होतं, बाकी मी जोडून टाकलं.

गेंडामाळ

मी साताऱ्याचा. धागाकर्त्यांशी अर्धा सहमत, पण उरलेल्या अर्ध्यासाठी भांडायला आलोय.

तुम्ही दोघांना वेगळं करताय ते कॉलेजवाल्याला वाचवण्यासाठी, असा वास येतो. मी वेगळं करतो ते स्टेशनवाल्याला लपू न देण्यासाठी. "एल्फिन्स्टन म्हणजे शिक्षण" या पुण्याईच्या छत्रीखाली पुतण्या दीडशे वर्षं कोरडा राहिला. ८ सप्टेंबर १८५७ ला आमच्या गेंडामाळावर सतरा जणांना मारलं. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. तेव्हा गव्हर्नर कोण? लॉर्ड एल्फिन्स्टन. पुढच्याच महिन्यात मुंबईत, आज जिथे आझाद मैदान आहे तिथे, सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं. गव्हर्नर तोच.

आणि तुमच्या काका-पुतण्याचं वर्तुळ बघा. १८१८ मध्ये प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं ते काकाने. १८३९ मध्ये कंपनीने त्यांना पदच्युत केलं, १८४८ मध्ये राज्य खालसा केलं. रंगो बापूजी महाराजांची बाजू मांडायला चौदा वर्षं लंडनला जोडे झिजवत होते. रिकाम्या हाताने परतले आणि पुतण्याच्या राज्यात मुलगा फासावर गेला. आमच्याकडची म्हातारी माणसं सगळ्याच साहेबांना "अल्पिस्टन" म्हणत. मला ते चुकीचं कधी वाटलं नाही.

म्हणून म्हणतो, पाटी काढलीत ते उत्तमच, पण कारण सांगून काढायला हवी होती. नुसतं "परकीय नाव" म्हणून काढलीत, गेंडामाळाचा उल्लेखही कुठे झाला नाही.

खडकी_बाजार

अहो, काका तरी कुठे धुतल्या तांदळाचा? गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्र्यांचा पंढरपुरात खून झाला, ते निमित्त धरून बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांना मागून घेणारा, जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने बाजीरावाचे हातपाय बांधणारा, नातूंसारखी माणसं फोडणारा हाच. कोणी रेसिडेंट म्हणो, कामाने तो राज्य उतरवणारा इसम होता. ५ नोव्हेंबरला आमच्या खडकीला लढाई झाली त्या दिवशी पेशव्यांच्या लोकांनी संगमावरचा त्याचा बंगला जाळला, त्याची पुस्तकं आणि कागदपत्रंही गेली. पुस्तकांबद्दल मला वाईट वाटतं, बंगल्याबद्दल नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर एक आठवण प्रसिद्ध आहे. त्याच्या तंबूच्या कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग पाहून त्याच्या हाताखालच्या ब्रिग्जने विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, एतद्देशीयांना शिकवायला. पण हाच आपला युरोपला परतण्याचा राजरस्ताही आहे, असं तोच पुढे म्हणाला.

परळ_नाका

@खडकी_बाजार, ती आठवण तुमच्या विरुद्ध जाते हो! शिकवलं की आपल्याला जावं लागेल हे कळूनही जो पुस्तकं छापवतो, त्याला मी त्रिंबकजीच्या प्रकरणाइतकंच त्याचंही माप देईन. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली तीही त्याच्याच काळात, पेशव्यांची दक्षिणा बंद न करता तिचाच पैसा वळवून. धूर्तपणा? असेल. पण दक्षिणा सरळ खिशात घालणारेही साहेब होते.

@गेंडामाळ, तुमचा मुद्दा मी मांडायला हवा होता, राहिला. मी खरोखरच कॉलेजवाल्याच्या प्रेमात आहे, आजोबा तिथले होते. पण "सगळेच अल्पिस्टन" हे मात्र मान्य नाही. अहो, सगळे एकच म्हटले तर सीतारामाच्या फाशीचा जाब नेमका कोणाला विचारायचा?

@दादर_पूर्व, तुमच्या कॅलेंडरला एक उत्तर आहे. फोर्टातलं एल्फिन्स्टन सर्कल याच लॉर्डच्या नावाचं होतं. स्वातंत्र्यानंतर त्याचं हॉर्निमन सर्कल झालं. हॉर्निमन कोण? बेंजामिन हॉर्निमन, इंग्रजच. 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक, सरकारवर टीका करतो म्हणून १९१९ मध्ये सरकारनेच त्याला देशाबाहेर काढलं. म्हणजे साहेबाची पाटी काढून साहेबाचीच लावली! त्या पिढीला साहेबासाहेबांतला फरक कळत होता आणि त्यांनी तो पाटीवर लिहून ठेवला. २०१८ ला आपल्याला तेवढंही जमलं नाही.

दादर_पूर्व

हॉर्निमनचं उदाहरण चांगलं आहे, मान्य. पण ते माझ्या बाजूचं. हॉर्निमनने काहीतरी केलं म्हणून नाव लावलं, जुनं कोणाचं होतं याची कोणी चौकशी केली असेल असं वाटत नाही. नवं नाव योग्य असलं की पुरे.

ॲबर्डीनहून

रात्रपाळी संपवून वाचतेय. इथे "एल्फिन्स्टन" म्हटलं तर मुंबई, पुणे, काबूल कोणाच्या डोक्यात येत नाही. इथला एल्फिन्स्टन म्हणजे बिशप विल्यम. १४९५ मध्ये त्याने विद्यापीठ काढलं, आजचं ॲबर्डीन विद्यापीठ तेच. किंग्ज कॉलेजच्या आवारात त्याचं भलंमोठं स्मारक आहे, मी रोज त्याच्यासमोरून जाते. स्कॉटलंडमध्ये छपाई सुरू करायचा परवाना १५०७ मध्ये राजाने दिला, त्यामागेही हाच. म्हणजे खडकीवाल्या दादांच्या तंबूतल्या पुस्तकांच्या आधी तीनशे वर्षं एक एल्फिन्स्टन छापखान्याच्या मागे लागला होता.

मूळ आडनाव गावावरून आलेलं. एडिंबराच्या पूर्वेला ट्रॅनंटजवळ एल्फिन्स्टन नावाचं खेडं आहे. आपल्याकडे पाटणकर, वाईकर तसंच. पाटणचे सगळे पाटणकर एकाच स्वभावाचे असतात का?

अजून एक राहिला, ॲडमिरल जॉर्ज कीथ. माउंटस्टुअर्ट आणि काबूलचा जनरल, दोघांचाही हा काका. १७९५ मध्ये डचांकडून दक्षिण आफ्रिकेतलं केप घेणाऱ्या मोहिमेचं आरमार याच्या हाताखाली होतं, आणि १८१५ मध्ये नेपोलियनला सेंट हेलेनाला पाठवतोय हे जहाजावर जाऊन सांगायचं कामही याच्याकडेच आलं. माझ्या ऑफिसातल्या एका स्कॉटिश बाईंना सांगितलं की मुंबईत एक स्टेशन या नावाचं होतं, तर म्हणाल्या, बिशपचं? मी म्हटलं नाही. त्यांचा चेहरा पडला.

गेंडामाळ

ताई, बिशपबद्दल कळलं, छान. पण बघा, तिथेही पुण्याई बिशपची आणि चेहरा पडतो लॉर्डसाठी. मी म्हणतो तेच.

विरार_फास्ट

चर्चा मोठ्या माणसांची चाललीय म्हणून गप्प होतो. आमच्यासाठी त्या नावाचा अर्थ लॉर्डही नाही आणि कॉलेजही नाही. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, पाऊस, आणि तो अरुंद जिना. चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली. मी त्या दिवशी एक गाडी उशिरा होतो. आजही कोणी "प्रभादेवी" म्हटलं तर मला तो जिना आठवत नाही, "एल्फिन्स्टन" म्हटलं की आठवतो. नाव बदलल्याने ते बरं झालं की वाईट, मला सांगता येत नाही.

दादर_पूर्व

@विरार_फास्ट, यावर काय बोलणार.

खैबर_खिंड

मूळ विषयाकडे येत एक प्रॅक्टिकल सूचना. कॉलेजच्या पाटीखाली "माउंटस्टुअर्ट, गव्हर्नर १८१९-१८२७" एवढी एक ओळ घाला. बरेच गैरसमज तिथेच मिटतील.

खडकी_बाजार

आणि त्या ओळीखाली "पेशवाई बुडवणारा" घालायचं की नाही?

परळ_नाका

घाला, माझी ना नाही. फक्त मग पुतण्याच्या खात्यावर काय घालायचं तेही ठरवा. मुंबई विद्यापीठ जुलै १८५७ चं, त्याचा पहिला कुलपती हाच लॉर्ड. म्हणजे सातारच्या फाशीच्या जेमतेम दोन महिने आधीचं. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणतो, "मग मामा, शिक्षणवाला नक्की कोणता?" मी चहा मागवला.

गेंडामाळ

विद्यापीठाच्या कायद्यावर सही करायला कोणीही चाललं असतं. तोफेच्या हुकमाचं तसं नाही. पण भाचा हुशार आहे, ॲडमिशन कुठे झाली ते कळवा.