रान, वन, जंगल की टेकडी? रोज फिरतो त्या जागेला म्हणायचं काय

नमस्कार. एक शब्द बरेच दिवस डोक्यात घोळतोय, म्हटलं इथे विचारावं.

मी गेली बरीच वर्षं रोज सकाळी पुण्यातल्या तळजाईच्या टेकडीवर फिरायला जाते. सहकारनगरच्या बाजूने वर चढायचं, झाडीतून एक मोठी चक्कर मारायची आणि देवळावरून खाली यायचं, असा ठरलेला रस्ता. गेल्या महिन्यात बाकावर बसून बहिणीशी फोनवर बोलत होते, ती म्हणाली आवाज नीट येत नाहीये, तर मी म्हटलं "अगं मी रानात आहे". शेजारी एक आजी बसल्या होत्या, सातारकडच्या, मुलाकडे राहायला आलेल्या. फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "कुठं हाय गं तुजं रान? किती एकर? पाणी हाय का?"

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं की त्यांच्या दृष्टीने रान म्हणजे शेत. "मालक रानात गेल्यात", "रान नांगरून टाकलंय", "काळं रान हाय, काय बी पेरा" असं त्या अगदी सहज बोलतात. आणि मला शहरात वाढल्यामुळे रान म्हटलं की फक्त रानफुलं, रानभाज्या, रानडुक्कर, म्हणजे जे कुणी लावलेलं नाही, पाळलेलं नाही ते सगळं आठवतं. माझ्या शब्दात रान म्हणजे न पेरलेलं, आजींच्या शब्दात रान म्हणजे पेरायचं. एकाच बाकावर आम्ही दोघी, आणि एकाच शब्दाची दोन टोकं.

घरी येऊन शोधाशोध केली. रान आलाय अरण्यावरून, मधे प्राकृतात 'रण्ण' झालं आणि मराठीत 'रान'. आणि अरण्याच्या मुळाशी 'अरण' आहे, त्याचा अर्थ दूरचा, परका. म्हणजे गावाच्या पलीकडचं, आपलं नसलेलं ते अरण्य. तोच शब्द झिजत झिजत घाटमाथ्याच्या पूर्वेला शेतकऱ्याच्या तोंडी इतका जवळचा झाला की रोज सकाळी भाकरी बांधून जायची जागा म्हणजे रान! माझा अंदाज असा की शेत मुळात रान तोडूनच केलेलं असतं, झाडं गेली तरी नाव राहिलं. माळरान, गायरान हे शब्दही पहा, दोन्हीकडे झाडं असायलाच पाहिजेत असं काही नाही.

जंगलाची गोष्ट तर याहून गमतीची आहे. संस्कृतातला 'जांगल' म्हणजे कोरडा, कमी पाण्याचा, विरळ झाडांचा मुलूख. आयुर्वेदात देशाचे प्रकार सांगितलेत, जांगल, आनूप आणि साधारण, त्यात पाणथळ आणि दाट झाडीचा तो आनूप. आणि आज आपण जंगल म्हणतो ते बरोबर उलटं, गर्द, आत शिरता येणार नाही असं. इंग्रजीतही शब्द इथूनच गेला आणि तिकडे तर अजूनच घनदाट झाला.

आता तळजाई. पाटीवर लिहिलंय 'पाचगाव पर्वती वनविहार'. पण आजवर एकही माणूस मला "वनविहाराला जातो" म्हणताना भेटलेला नाही. सगळे म्हणतात टेकडीवर जातो. पुण्यात टेकडी म्हणजे नुसता उंचवटा नाही, त्यात झाडं, मोर, पायवाट, रोज त्याच वळणावर भेटणारी माणसं हे सगळं आलं. फेब्रुवारी-मार्चमधे गिरिपुष्पाची पानं गळून जातात आणि फांद्यांवर नुसती फिकट गुलाबी फुलं राहतात, खाली पायवाटेवर पाकळ्या आणि पाचोळा एकत्र मिसळलेला असतो, पाऊल टाकलं की आधी चुरचुर आवाज येतो आणि मग टाचेखाली मऊ लागतं. हे झाड मध्य अमेरिकेतलं, टेकड्यांवर वनखात्याने लावलेलं. त्याचं दुसरं नाव उंदीरमारी, आणि शास्त्रीय नावाचाही अर्थ तोच. मग ह्या लावलेल्या झाडांच्या जागेला रान म्हणायचं का? वन म्हणायचं? तुमच्याकडे काय म्हणतात ते सांगा, गावाचं नाव पण लिहा म्हणजे कुठला शब्द कुठे चालतो ते कळेल.

---

चंद्रपूर. आमच्याकडे सरळ जंगल म्हणतात, नाहीतर झाडी. आमचा सगळा भागच झाडीपट्टी, बोली झाडीबोली, नाटकं झाडीपट्टीची. त्यामुळे तुम्ही वर "झाडीतून चक्कर मारायची" लिहिलंय ते वाचून बरं वाटलं पण आमच्या झाडीत कुणी चक्कर मारायला जात नाही, कामाला जातात. मोहफुलाच्या दिवसात पहाटे टोपल्या घेऊन बाया निघतात, एकटं कुणी जात नाही, वाघाचा भाग आहे. मी पुण्यात शिकायला होतो तेव्हा टेकडीवर लोक कानात गाणी घालून एकटे चालताना बघितले आणि खूप नवल वाटलं. हेवा पण वाटला.

---

लांजा, रत्नागिरी. कोकणात रान म्हणजे रानच, शेत नव्हे. शेताला आम्ही कुणगा, मळा, वरकस असं काय ती जमीन असेल त्याप्रमाणे म्हणतो. रानात जायचं ते लाकडं आणायला, कवळ (झाडांच्या हिरव्या डहाळ्या) तोडायला, पातेरा गोळा करायला. पातेरा म्हणजे तुमचा पाचोळा, पण आमच्याकडे तो पायाखाली तुडवायचा नसतो, झाडून टोपलीत भरून आणायचा आणि भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, वापरायचा, म्हणून त्याला वेगळा शब्द.

शिवाय देवरहाटी वेगळी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, तिला देशावर देवराई म्हणतात. आमच्या देवरहाटीतलं वाळकं लाकूडही कुणी घरी आणत नाही. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात अशा देवरायांची पाहणी केली होती, त्याआधी बाहेरच्यांना त्यांचं महत्त्व फारसं माहीत नव्हतं. पण गावातल्या माणसाला रान कुठे संपतं आणि रहाटी कुठे सुरू होते ते पक्कं ठाऊक, तिथे चप्पल काढतात. तेव्हा एकच शब्द शोधू नका, माणूस तिथे कशाला जातो त्यावर शब्द ठरतो असं माझं मत.

---

दोघांचेही मनापासून आभार. कशाला जातो त्यावर शब्द ठरतो हे एकदम पटलं. पातेरा शब्द मला माहीतच नव्हता.

त्यावरून अजून एक आठवलं. परवा वळणावर रोज भेटणारे एक काका हात आडवा करून थांबले आणि हळूच म्हणाले, "थांबा, जनावर आहे." वाटेवर धामण आडवी होती, चांगली माझ्या उंचीएवढी, कवडशात अंग शेकत पडलेली. काका निवृत्त प्राध्यापक, एरवी अगदी पुस्तकी बोलणारे, पण त्या क्षणी त्यांच्याही तोंडून 'साप' आला नाही, 'जनावर' आलं. गावाकडे समोर असताना नाव घेत नाहीत ते तसंच त्यांच्यात राहिलंय. आम्ही चौघं-पाचजण दोन्ही बाजूंना गप्प उभे, ती सावकाश पाचोळ्यात शिरली, आवाज थांबेपर्यंत कुणी हललं नाही. फोटो कुणीच काढला नाही, याचं मला अजून बरं वाटतं.

आणि आजींना मी सगळं सांगितलं, तुमचे दोघांचे प्रतिसाद वाचून दाखवले. चंद्रपूरच्या मोहफुलांचं त्यांना फार कौतुक वाटलं. मग मी विचारलं, आजी, ह्या जागेला काय म्हणायचं? त्यांनी उलट विचारलं, ही झाडं लावली कुणी? म्हटलं, सरकारने. "मंग हे सरकारी रान." गायरानासारखंच, कुणा एकाचं नाही पण रानच.

गेल्या आठवड्यात त्या गावी परत गेल्या. काल त्यांच्या मुलाच्या फोनवरून फोन आला, तब्येत-पाणी झालं, आणि मग म्हणाल्या, "आमच्या रानात अजून थेंब न्हाय. तुज्या सरकारी रानात पडला का गं?"