सासरच्या घरातला खून, तिघांना जन्मठेप: पर्वरीला (गोव्यातल्या उच्च न्यायालयात) अपील करताना नेमके काय पाहायचे?

डिचोलीचा_स्वयंसेवक
विधी सेवा केंद्रावर शिक्षा झालेल्यांचे नातेवाईक येतात तेव्हा त्यांना नीट सांगता यावे म्हणून विचारतो. नमुन्यादाखल असे प्रकरण धरा. सुनेचा मृत्यू रात्री सासरी झाला. घरच्यांनी गळफास सांगितला, बांबोळीच्या रुग्णालयातल्या शवविच्छेदनात गळा आवळल्याचे मत आले. सत्र न्यायालयाने नवरा, दीर आणि सासू या तिघांना भारतीय दंड संहितेच्या (भादंसं) 302 (खून) सह 34 (समान इरादा) खाली जन्मठेप आणि 201 (पुरावा नाहीसा करणे, खोटी माहिती देणे) खाली वेगळी शिक्षा दिली. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नाही. पहिल्या दोन महिन्यांत काय करायचे? जामिनाची आशा कितपत धरायची? आणि अपिलात खरा जोर कुठे द्यायचा?

पर्वरी_अपील_बाजू
आधी मुदत. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाला 60 दिवस, फाशी असेल तर 30. निकालाचा दिवस आणि प्रमाणित प्रत मिळवण्यात गेलेला काळ त्यातून वगळतात. म्हणून प्रतीसाठी अर्ज कधी केला, प्रत कधी तयार झाली, या तारखा प्रतीवर आहेत ना ते बघून घ्या. कैदेची शिक्षा झालेल्या प्रत्येकाला निकालपत्राची प्रत लगेच आणि मोफत मिळाली पाहिजे (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 404, जुने म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचे 363). तिघांना तीन प्रती. मुदत टळलीच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण दिवसांचा हिशेब द्यावा लागतो.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी थांबू नये. कोठडीतली कोणतीही व्यक्ती आणि कोणतीही स्त्री, उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाला पात्र आहे (विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12). कोलवाळच्या तुरुंगातून अधीक्षकामार्फतही अपील पाठवता येते (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 424, जुने 383). वकीलपत्रावरची कैद्याची सही तुरुंगात अधिकाऱ्यासमोर होऊन साक्षांकित झालेली असावी, नाहीतर कागद त्रुटीत अडकतात आणि आठवडे जातात.

तिघांनी एकच वकील घेऊन एकच अपील करू नये, हे मी आग्रहाने सांगेन. दिराचा सगळ्यात बळकट मुद्दा असतो "मी त्या खोलीत नव्हतो". तो मुद्दा जोरात मांडला की बोट नवऱ्याकडे वळते. एकाच वकिलाला दोन्ही बाजू लढवता येत नाहीत, मग तो दोन्ही मुद्दे मवाळ करतो आणि तोटा दिराचा आणि सासूचा होतो. घर एकत्र असले तरी अपिले वेगळी करा. सुनावणी एकत्रच होते, दोन न्यायमूर्तींसमोर.

जामीन, म्हणजे शिक्षेला स्थगिती: सत्र न्यायालय फक्त तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेत ती देऊ शकते, त्यामुळे इथे थेट उच्च न्यायालय (कलम 430, जुने 389). सरकारी वकिलाला लेखी विरोध नोंदवायची संधी द्यावीच लागते. शिक्षा झाल्यावर निर्दोषत्वाचे गृहीतक उरत नाही. निकाल आणि पुरावा वरवर पाहिला तरी सुटकेची बरी शक्यता दिसते का, एवढेच या टप्प्यावर पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ओमप्रकाश साहनी प्रकरणात तसे स्पष्ट केले आहे. त्यामुळे नवऱ्याच्या अर्जाला फार आशा लावू नये. सासू आणि दिराचा अर्ज वेगळा करून त्यांच्याविरुद्धचा पुरावा दोन पानांत मांडा. खटला चालू असताना जामिनावर होते आणि अट मोडली नाही, हे लिहायला विसरू नका. अपील वर्षानुवर्षे सुनावणीला येत नसेल तर कश्मीरा सिंग (1977) या निवाड्याच्या आधारे पुन्हा अर्ज करता येतो.

गुन्हा 1 जुलै 2024 च्या आधीचा असेल तर खुनाचे कलम 302 च राहते, नंतरचा असेल तर भादंसंच्या जागी आलेल्या न्याय संहितेचे 103. अपिलाच्या अर्जात नवे आणि जुने दोन्ही कलमांक लिहावेत. मयत बालक असेल तर गोव्यात खटला बाल न्यायालयात चाललेला असतो (गोवा बाल कायदा 2003), ते निकालपत्राच्या पहिल्या पानावरच कळते.

साखळी_तपासा
जोर कुठे द्यायचा याचे उत्तर एका कलमाभोवती फिरते: पुरावा कायद्याचे 106, आता साक्ष अधिनियमाचे 109. जी गोष्ट फक्त आरोपीलाच ठाऊक असू शकते ती त्याने सांगावी, असे ते म्हणते. घरातल्या खुनात सरकारी पक्ष याच कलमावर उभा असतो. त्याचा आधार त्रिमुख मारोती किरकन (2006). तिथे सासरी मेलेल्या बायकोबद्दल सर्पदंशाची हकीगत सांगितली गेली आणि शवविच्छेदनात गळा दाबल्याचे निघाले. चार भिंतींआड घडलेल्या गुन्ह्यात घरच्यांनी खुलासा द्यायलाच हवा, गप्प राहिले किंवा खोटे सांगितले तर ती परिस्थितीजन्य पुराव्याच्या साखळीतली आणखी एक कडी, असा तो निवाडा.

पण "आणखी एक" कडी. साखळीच नसेल तर कडी कशाला जोडणार? शंभूनाथ मेहरा (1956) पासून न्यायालये सांगत आली आहेत की 106 मुळे गुन्हा सिद्ध करण्याचे सरकारी पक्षाचे मूळ ओझे उतरत नाही. नागेंद्र साह (2021) मध्ये बायकोचा श्वास कोंडून मृत्यू झाला होता आणि घरात इतर माणसेही होती. बाकी साखळी सिद्ध न झाल्याने नवरा सुटला. तेव्हा निकालपत्र हातात घेऊन पहिला प्रश्न हा: त्या रात्री घरात कोण कोण होते हे कोणत्या साक्षीदाराने, कोणत्या परिच्छेदात सांगितले? खोल्या किती, मयत कुठे झोपायची, मागचे दार आतून बंद होते की उघडे? घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा शेजारी ठेवून वाचा. पंचनाम्यात मागच्या दाराचा उल्लेखच नसणे ही छोटी बाब नव्हे.

मग कलम 34. एका छपराखाली राहणे म्हणजे समान इरादा नव्हे. निकालपत्रात "सर्व आरोपींनी मिळून" असे वाक्य दिसले की तिथे खूण करा आणि दिराने, सासूने नेमके काय केले याचा पुरावा शोधा. बऱ्याचदा एवढेच सापडते की गळफासाची खोटी हकीगत त्यांनीही सांगितली. तेवढ्यावर 201 होऊ शकते, त्याला अशा गुन्ह्यात कमाल सात वर्षे, 302 नाही. हा फरक अपिलात वेगळा मुद्दा म्हणून लिहा.

वैद्यकीय पुरावा घाईत वाचू नये. फासाचा व्रण सहसा तिरका, हनुवटीखाली वर आणि गाठीपाशी तुटलेला असतो. आवळल्याचा व्रण आडवा, खाली आणि गळ्याभोवती अखंड. अहवालात मोजमाप असते, ते निष्कर्षाशी जुळते का पाहा. हायॉइड (गळ्यातले, जिभेच्या मुळाशी असलेले) हाड मोडले किंवा न मोडले, एकट्या त्यावरून काही ठरत नाही. मृत्यूची वेळ हा अंदाज असतो. गोव्याच्या दमट उष्म्यात शरीराचे बदल लवकर होतात, आणि तीन-चार तासांच्या फरकावर "तेव्हा नवरा घरी होता की कामावर" हे अवलंबून असेल तर डॉक्टरांच्या उलटतपासणीतला शब्दन्‌शब्द महत्त्वाचा.

आता कलम 313 ची प्रश्नावली (नवे 351), म्हणजे पुराव्याबद्दल न्यायालयाने आरोपीला विचारलेले प्रश्न. हे पान बहुतेक जण शेवटी उघडतात, ते आधी उघडा. जी परिस्थिती आरोपीला विचारलीच नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. शरद बिरधीचंद सारडा (1984) मध्ये हे ठामपणे सांगितले आहे. ते प्रकरणही पुण्यातल्या सासरच्या घरातल्या तरुण सुनेच्या मृत्यूचे, आणि परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वे त्यातलीच. एक उभा कागद घ्या: डावीकडे निकालपत्रातली प्रत्येक परिस्थिती, उजवीकडे ती विचारल्याचा प्रश्न क्रमांक. तिन्ही आरोपींना तेच प्रश्न नकलून विचारले असतील तर तेही नोंदवा. उजवीकडची रिकामी जागा हा अपिलाचा मुद्दा. तो वेळेत मांडायचा, आणि त्यामुळे आरोपीचे नुकसान कसे झाले तेही दाखवायचे. कधीकधी वरिष्ठ न्यायालय तेवढा प्रश्न विचारायला प्रकरण परतही पाठवते.

साक्षीदार कोकणीत किंवा मराठीत बोलतो आणि नोंद इंग्रजीत होते, म्हणून जबाब त्याला वाचून दाखवल्याची टीप प्रत्येक साक्षीखाली आहे का तेही बघा.

माहेरची_बाजू
वरची चर्चा आरोपींच्या बाजूची आहे. केंद्रावर मुलीचे आईवडीलही येतात, त्यांनाही सांगायला हवे. अपिलात सरकारी वकिलाला मदत करण्यासाठी त्यांना स्वतःचा वकील देता येतो. सत्र न्यायालयाने एखाद्याला सोडले, खुनाऐवजी कमी गुन्ह्यात शिक्षा दिली किंवा भरपाई अपुरी दिली, तर पीडिताचे वारस स्वतः अपील करू शकतात (कलम 413, जुने 372), आणि मल्लिकार्जुन कोडगली (2018) नुसार त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. फक्त शिक्षा वाढवून हवी असेल तर ते अपील राज्य सरकारचे (कलम 418).

आणि सारडा निवाड्याची दुसरी बाजू: मुलीने बहिणीला, मैत्रिणीला लिहिलेली पत्रे मृत्यूच्या कारणाशी निगडित म्हणून पुराव्यात ग्राह्य धरली गेली. आज ती पत्रे मोबाईलमधले संदेश असतात. ज्या फोनमध्ये ते आहेत तो जपून ठेवा. नुसत्या छापील पानांना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडलेले नसेल तर अपिलात पहिला हल्ला त्यावरच होतो (साक्ष अधिनियमाचे कलम 63, जुने 65 ब, अर्जुन पंडितराव खोतकर निवाडा, 2020).

डिचोलीचा_स्वयंसेवक
फार उपयोगी. दोन उरलेले प्रश्न. घरातले सात वर्षांचे मूल साक्षीदार असेल तर? आणि अपील पडून असताना सासूचा मृत्यू झाला तर?

साखळी_तपासा
मुलाच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते, वयाची अट नाही. मूल प्रश्न समजून उत्तर देऊ शकते का हे न्यायाधीशांनी आधी विचारून नोंदवलेले असते, ते प्रश्नोत्तर मूळ कागदपत्रांत शोधा. घटनेनंतर मूल कोणाकडे राहत होते आणि पोलिसांनी जबाब किती दिवसांनी घेतला, यावरून पढवले गेले का ते जोखतात. अपिलाची बाजू कोणतीही असो, हे तीन तपशील लागतीलच.

पर्वरी_अपील_बाजू
अपीलकर्त्याच्या मृत्यूने अपील संपते. पण शिक्षा कैदेची किंवा फाशीची असेल तर जवळच्या नातेवाइकाला 30 दिवसांत अपील पुढे चालवण्याची परवानगी मागता येते (कलम 435, जुने 394). जवळचे म्हणजे आईवडील, पती किंवा पत्नी, सरळ वंशज, भाऊ, बहीण. मृत्यूचा दाखला हाती येईपर्यंत थांबू नका, अर्ज आधी करा आणि दाखला मागाहून जोडा.